शाळेच्या पैशाचा हिशोब कोर्टात मागता येईल का?

खडूफळा (धागाकर्ती)

एक किलोमीटरच्या नियमाचा निकाल लागला तेव्हा ‘पालक जिंकले’ अशा बातम्या आल्या आणि त्या खऱ्याच होत्या. पण सरकारने तो नियम ज्या कारणासाठी आणला, ते कारण जागच्या जागी आहे. त्यावर कुठे नीट बोललं गेलेलं मला दिसलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांच्या लक्षात नसेल त्यांच्यासाठी सांगते. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) नियमांत दुरुस्ती केली. खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेने वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना २५ टक्के जागा द्यायची गरज नाही, असं त्यात होतं. मुंबईत एक किलोमीटरच्या आत पालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही असा पत्ता शोधत फिरावं लागेल. म्हणजे या शहरापुरता २५ टक्क्यांचा विषय मिटल्यात जमा होता. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ ला स्थगिती दिली. १९ जुलैला मुख्य न्यायमूर्ती देवेंद्र कुमार उपाध्याय आणि न्या. अमित बोरकर यांच्या खंडपीठाने ती दुरुस्ती रद्द केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल उचलून धरला. कायद्यात नसलेली अट सरकारला नियमांतून आणता येत नाही, हे त्याचं सार.

मी गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये पालकांना आरटीईचे फॉर्म भरायला मदत करते. त्या वर्षीचा गोंधळ जवळून पाहिला. एप्रिलमध्ये पोर्टल उघडलं तर यादीत पालिकेच्या नि अनुदानित शाळा. जरीकाम करणाऱ्या, भंगार गोळा करणाऱ्या, नाक्यावर उभं राहणाऱ्या माणसांनी रोज बुडवून उत्पन्नाचा दाखला काढलेला, नोंदणीकृत भाडेकरारासाठी घरमालकाच्या विनवण्या केलेल्या. एवढं करून समोर काय, तर जिथे फॉर्म न भरताही प्रवेश मिळतो तीच शाळा. स्थगिती आल्यावर ते सगळे फॉर्म बाद झाले आणि पुन्हा पहिल्यापासून भरावे लागले. सोडत जूनमध्ये निघाली, यादी मात्र निकाल लागेपर्यंत अडकून राहिली. नाव लागलेली मुलं वर्गात पोचेपर्यंत बाकीच्यांचा पहिला महिना संपून गेला होता.

आता पैशाकडे येते. आरटीई कायद्याचं कलम १२(२) म्हणतं की या २५ टक्के मुलांचा खर्च सरकारने शाळेला परत करायचा. किती? सरकार आपल्या शाळांत एका मुलामागे जेवढा खर्च करतं तेवढा, किंवा त्या शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी कमी असेल ते. आपल्या राज्यात हा प्रतिपूर्तीचा दर एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये आहे. कोविडच्या काळात तो ८,००० वर आणला होता. आणि जो काही दर असेल तो वर्षानुवर्षं थकतो. सरकारला थकबाकी नको, शाळांना ही मुलं नकोत, आणि दोघांचं एकमत व्हायला एक किलोमीटर पुरला.

माझा प्रश्न या १७,६७० चा आहे. हा आकडा कुठल्या बेरजेतून आला? मुंबई पालिकेचं शिक्षणाचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ३,९५५ कोटींचं आहे. मुलं तीन-साडेतीन लाख धरा. त्यात निवृत्तिवेतन, इमारती, अनुदानित शाळांचा वाटा, माध्यमिकचे वर्ग सगळं आहे, त्यामुळे सरळ भागाकार करून चालत नाही हे मान्य. पण ते सगळं वजा केल्यावर तरी उत्तर १७,६७० येतं का? एका मुलाच्या शिक्षणाला किती पैसे लागतात हे सरकारने एकदा जाहीरपणे, बेरीज-वजाबाकीसकट सांगितलं, तर पालिकेची शाळा, अनुदानित, अंशतः अनुदानित, २५ टक्के, सगळ्यांच्या वादाला एक पाया मिळेल. ते सांगायला कोर्टाकडून भाग पाडता येईल का? जाणकारांनी लिहावं.

पाटीपेन्सिल

ताई, मी दुसऱ्या बाजूचा. कुर्ल्यात आमची छोटी इंग्रजी माध्यमाची शाळा आहे, पत्र्याच्या शेडमधून सुरू झालेली, आता तीन मजली. आमची फी वर्षाला बावीस हजार. ‘खासगी शाळा’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एसी बस आणि घोडेस्वारी येते. आमच्यासारख्या शाळांत येणाऱ्या बाकीच्या ७५ टक्क्यांत रिक्षावाले, टेलर, सिक्युरिटीवाले हेच आहेत. सरकारकडून प्रतिपूर्ती आली नाही की त्या मुलांचा भार या ७५ टक्क्यांवर पडतो, म्हणजे एका गरिबाचे पैसे दुसरा गरीब भरतो. हे कुणीच लिहीत नाही.

आमच्या शिक्षिकांना मी पालिकेच्या शिक्षकाच्या पगाराच्या पाव हिस्साही देऊ शकत नाही, आणि याची मला लाज वाटते. प्रतिपूर्तीचा हप्ता येतो तोही तुकड्यातुकड्यात. मागच्या वर्षांची पडताळणी, मग आधारची पडताळणी, मग शिक्षण निरीक्षक कार्यालयातून शेरा, मग निधी उपलब्ध नाही. आम्ही मुलं नाकारली नाहीत. पण ज्यांनी नाकारली त्यांच्यातल्या निम्म्यांची अडचण मला समजते.

परळ_टीटी

माझं मत पहिल्यापासून वेगळं आहे. पालिकेच्या शाळेत शिकलो, गिरणी कामगाराचा मुलगा. आमच्या शाळेत तेव्हा एकेका इयत्तेच्या चार-चार तुकड्या असायच्या, दोन पाळ्यांत. आज त्या इमारतीत तीन माध्यमं एकत्र करूनही वर्ग रिकामे आहेत. सरकार जो पैसा खासगी शाळेला देतं किंवा द्यायचं म्हणतं, तो पैसा आणि ते मूल, दोन्ही पालिकेच्या शाळेतून जातं. पट कमी झाला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) शिक्षक कमी. शिक्षक कमी झाले की एकाच्या गळ्यात दोन वर्ग. मग उरलेले पालकही मूल काढतात.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात हेच मांडलं होतं. शेतकऱ्याच्या घामातून सारा गोळा होतो आणि त्यातला शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो, प्राथमिक शाळांना काही उरत नाही. सव्वाशेहून जास्त वर्षांनी कायदा आला तेव्हा त्याने सरकारी शाळा इतकी चांगली करा की कुणाला बाहेर जावंसं वाटू नये असं म्हणायला हवं होतं. त्याऐवजी २५ टक्क्यांची खिडकी उघडली आणि सगळं भांडण त्या खिडकीपाशी चालू आहे.

खडूफळा

परळ_टीटी, पालिकेची शाळा टिकावी यावर आपलं दुमत नाही. पण गोवंडीत एम पूर्व वॉर्डात या, तिथे पालिकेच्या शाळांत वर्ग रिकामे नाहीत, बसायला जागा नाही. ज्या आईची मुलगी आज सहा वर्षांची आहे तिने पालिकेची शाळा सुधारेपर्यंत थांबायचं का? आणि २५ टक्के काढून टाकले म्हणून ते पैसे पालिकेच्या शाळेत गेले असते असं सरकारने कुठेही लिहून दिलं नव्हतं. कर्नाटकाने २०१९ पासून अशीच सूट दिली, तिथल्या उच्च न्यायालयाने ती मान्यही केली. सरकारी शाळांचं तिथे सोनं झालं असं कुणी म्हणत नाही.

पालिकेच्या शाळेत लोक जात नाहीत हेही पूर्ण खरं नाही. पालिकेने सीबीएसईच्या शाळा काढल्या तेव्हा तिथे जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि सोडत काढावी लागली. पैसा आणि लक्ष दिलं की पालक येतात.

काळाकोट

धागाकर्तीचा प्रश्न कायद्याच्या अंगाने घेतो. मी उच्च न्यायालयात वकिली करतो, शिक्षणाची प्रकरणं बऱ्यापैकी पाहिली आहेत.

‘आमच्या शाळेला अनुदान द्या’ अशी मागणी घेऊन कोर्टात गेलात तर आजच्या घडीला रस्ता अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशच्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटलं की अनुदान हा मूलभूत हक्क नाही, तो धोरणाचा भाग आहे आणि सरकारची आर्थिक ऐपत हा त्यातला मुद्दा असू शकतो. त्याआधी चित्र थोडं वेगळं होतं. १९९५ चा मनुभाई प्रागजी वशी खटला आपल्याच मुंबईतून गेला होता. राज्य सरकार इतर शाखांच्या खासगी महाविद्यालयांना अनुदान देत होतं, विधी महाविद्यालयांना नाही. उच्च न्यायालयाने अनुदान द्यायला सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं, कारण भेदभावाला पटेल असं कारण सरकारकडे नव्हतं आणि गरिबाला विधी साहाय्य द्यायचं तर वकील घडवणाऱ्या संस्था टिकल्या पाहिजेत. तो निकाल मला अजूनही प्रिय आहे. पण त्याच्या जोरावर आज शाळेचं अनुदान मागायला मी कुणाला पाठवणार नाही.

प्रतिपूर्तीची गोष्ट मात्र निराळी आहे. तिथे ‘द्यावं’ असं धोरण नाही, ‘दिलं जाईल’ असं संसदेने लिहिलेलं कलम आहे. ते कर्तव्य सरकार पाळत नसेल तर कोर्ट आदेश देऊ शकतं, आणि शाळांच्या संघटना थकबाकीसाठी वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेलेल्याही आहेत. कलम ७ प्रमाणे हा भार केंद्र आणि राज्य दोघांचा. ‘केंद्राचा हप्ता आला नाही’ हे उत्तर राज्याला नेहमी द्यावंसं वाटतं. तमिळनाडूत २०२५ मध्ये हेच झालं. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेचे दोन हजार कोटींच्या वर केंद्राने अडवले, राज्याने आरटीईचे प्रवेशच सुरू केले नाहीत. मद्रास उच्च न्यायालयाने दोघांनाही सांगितलं: केंद्राने आरटीईचा वाटा इतर योजनांच्या वादापासून वेगळा ठेवावा, आणि केंद्राकडून पैसे आले नाहीत हे कारण सांगून राज्याला आपली जबाबदारी टाळता येणार नाही.

आता १७,६७०. केंद्राच्या नमुना नियमांत रीत दिलेली आहे. सरकार आणि स्थानिक संस्था यांनी आपल्या शाळांत प्राथमिक शिक्षणावर केलेला वर्षाचा आवर्ती (दर वर्षी पुन्हा होणारा) खर्च, भागिले त्या शाळांतली पटावरची मुलं. इमारत बांधणी त्यात येत नाही, आणि ती राज्याची सरासरी असते, एकट्या मुंबईची नाही. तरीही साधं गणित करून बघा. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आहे. शिक्षकाचा पगार महिन्याला पन्नास हजारच धरा, जुन्या शिक्षकाचा याहून बराच जास्त असतो. वर्षाचे सहा लाख. भागिले तीस म्हणजे वीस हजार. नुसत्या एका पगाराचे. पुस्तकं, गणवेश, पोषण आहार, वीज, मुख्याध्यापक, सगळं बाजूला ठेवून. मग १७,६७० कसे आले हा प्रश्न विचारण्यासारखा आहेच, आणि तो आकडा ज्या तक्त्यातून आला तो तक्ता दाखवा ही मागणी कोर्टात टिकेल असं मला वाटतं.

पाटीपेन्सिल

काळाकोट, हे गणित मी आयुष्यभर डोक्यात केलंय पण इतकं सुटसुटीत कधी मांडता आलं नाही. धन्यवाद.

नववीची_आई

सगळं वाचलं. तुम्ही पहिलीच्या प्रवेशाबद्दल बोलताय, मी शेवटाबद्दल सांगते. माझा मुलगा आरटीईतून पहिलीला लागला, चेंबूरच्या बाजूला एका मोठ्या शाळेत. आठ वर्षं फी नव्हती. तरी ‘अ‍ॅक्टिव्हिटी’चे, डिजिटल क्लासचे, गॅदरिंगच्या ड्रेसचे पैसे मागायचेच. नाही भरले तर वहीवर लाल शेरा आणि वर्गात उभं करून नाव. आठवीच्या शेवटी चिठ्ठी आली, नववीची फी एक लाख दहा हजार, पहिला हप्ता पंधरा दिवसांत. कायदा आठवीपर्यंतच आहे म्हणाले.

मी चार घरी स्वयंपाक करते. मुलगा हुशार आहे म्हणून नाही सांगत, पण आठ वर्षं ज्यांच्याबरोबर बसला त्यांना सोडून त्याला दुसरीकडे जावं लागलं तेव्हा तो घरात कुणाशी बोलत नव्हता. नववीला मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत घ्यायला तयार होते, पण तो पहिलीपासून इंग्रजीत शिकलेला. शेवटी लांबच्या एका स्वस्त शाळेत घातला. हा पैसा कोण देणार याचा निकाल कुठल्या कोर्टात लागतो?

खडूफळा

ताई, ते वरचे पैसे मागणं सरळसरळ बेकायदा होतं. कलम ३(२) प्रमाणे ज्यामुळे मुलाचं शिक्षण अडेल अशी कुठलीही फी, आकार किंवा खर्च त्याच्याकडून घेता येत नाही. धाकटं भावंड कुणाचं आरटीईत असेल तर शाळेला लेखी विचारा, तोंडी नको, आणि पोचपावती घ्या.

नववीचं तुमचं म्हणणं मी यादीत सगळ्यात वर घेते. २५ टक्के सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही तुकड्या नववीला पोचल्या तेव्हा नेमका कोविड होता, त्यामुळे किती मुलं गळली त्याचा कुणी गाजावाजाच केला नाही.

काळाकोट

नववीची_आई, उत्तर कडू आहे. राज्यघटनेचं कलम २१-अ, म्हणजे शिक्षणाचा मूलभूत हक्क, सहा ते चौदा वर्षांपर्यंतच थांबतं, त्यामुळे आजच्या कायद्याखाली नववीची प्रतिपूर्ती कोर्टाकडून मिळणार नाही. ती विधिमंडळातून किंवा संसदेतूनच यावी लागेल.

एडिसनकर

मूळचा डोंबिवलीचा, गेली बरीच वर्षं न्यू जर्सीत. इथे सार्वजनिक शाळांच्या पैशावरून गेली पन्नास वर्षं राज्याराज्यांत खटले चाललेत. या चर्चेला उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

अमेरिकेत शाळेचा मोठा खर्च त्या त्या भागातल्या मालमत्ता करातून येतो. ज्या गावात घरं महाग तिथे शाळा श्रीमंत. टेक्सासात सॅन अँटोनिओ शहरात एजवूड हा मेक्सिकन वंशाच्या गरीब लोकांचा भाग आणि अ‍ॅलामो हाइट्स हा श्रीमंतांचा. १९६७-६८ मध्ये एजवूडचे लोक मालमत्तेवर शंभर डॉलरमागे १.०५ डॉलर कर भरायचे, अ‍ॅलामो हाइट्सचे ०.८५. म्हणजे गरिबांचा दर जास्त. तरी स्थानिक करातून एजवूडला एका मुलामागे २६ डॉलर मिळायचे आणि अ‍ॅलामो हाइट्सला ३३३. राज्याची नि केंद्राची मदत धरून एजवूड ३५६, अ‍ॅलामो हाइट्स ५९४. पालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी हरले. शिक्षण हा अमेरिकेच्या राज्यघटनेत मूलभूत हक्क नाही, असा निकाल.

मग लोक आपापल्या राज्याच्या घटनेकडे वळले. न्यू जर्सीच्या घटनेत सर्व मुलांसाठी परिपूर्ण आणि कार्यक्षम शाळांची व्यवस्था ठेवण्याचं कर्तव्य राज्यावर आहे. त्याच वर्षी इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालमत्ता करावर टेकलेली ही व्यवस्था ते कर्तव्य पुरं करत नाही. विधिमंडळ टोलवाटोलवी करत राहिलं. शेवटी १९७६ च्या जुलैमध्ये कोर्टाने शाळांवर पैसा खर्च करायलाच मनाई केली, शाळा बंद पडल्या. आठवड्याभरात विधिमंडळाने राज्याचा आयकर मंजूर केला! त्याआधी न्यू जर्सीत आयकर नव्हता. आज पगाराच्या स्लिपवर तो कापलेला दिसतो तेव्हा मला त्याचं मूळ माहीत असल्याचं समाधान असतं.

त्यानंतर ‘अ‍ॅबट विरुद्ध बर्क’. १९८१ मध्ये कॅमडेन, जर्सी सिटी वगैरे गरीब शहरांतल्या मुलांच्या वतीने दाखल झाला. १९९० च्या निकालात कोर्ट म्हणालं की गरीब शहरांतल्या मुलांवरचा खर्च श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीला आणा. १९९८ मध्ये त्या शहरांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना बालवाडी आणि मोडक्या इमारतींची दुरुस्ती हेही आदेशात आलं. असे एकतीस जिल्हे झाले. वॉशिंग्टन राज्यात तर सरकार आराखडा देईना म्हणून २०१५ पासून कोर्टाने रोज एक लाख डॉलर दंड लावला.

सगळीकडे जमलं असं नाही. ओहायोत १९९७ पासून कोर्टाने पुन्हापुन्हा व्यवस्था घटनाबाह्य ठरवली आणि शेवटी पैसा पुरता मिळण्याआधीच प्रकरणातून अंग काढून घेतलं. पण जिथे जमलं तिथे एक गोष्ट सारखी आहे. वकिलांनी अर्थतज्ज्ञ बसवून ‘पुरेसं शिक्षण द्यायला एका मुलामागे किती लागतात’ हा आकडा काढून घेतला. तो आकडा कोर्टात आला की सरकारला त्याच्याशी भांडावं लागतं.

परळ_टीटी

एडिसनकर, छान माहिती. आपल्याकडे निदान हे बरं की मलबार हिलचा कर आणि गोवंडीचा कर पालिकेच्या एकाच तिजोरीत जातो. वॉर्ड बघून शाळेला पैसा मिळत नाही.

खडूफळा

वॉर्ड बघून नाही, शाळेच्या मान्यतेचा प्रकार बघून मिळतो. एकाच गल्लीत पालिकेची शाळा, शंभर टक्के अनुदानित, वीस-चाळीस टक्के अनुदानावर अडकलेली आणि स्वयंअर्थसहाय्यित (स्वतःच्या पैशावर चालणारी), अशा चार शाळा असतात. चारही शाळांतल्या मुलांच्या घरात तसा फरक नसतो. मुलामागे सरकार किती खर्च करतं यात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर. एडिसनकर, तुमचा शेवटचा परिच्छेद मला फार उपयोगाचा वाटला.

विनाअनुदानित

मी त्या ‘अडकलेल्या’ शाळेतला शिक्षक, म्हणून लिहितोच. आमच्या शाळेला मान्यता मिळाली ती ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून. २००९ मध्ये शासनाने ‘कायम’ काढून टाकलं, मूल्यांकन झालं, २०१६ मध्ये वीस टक्क्यांचा पहिला टप्पा. पुढचा टप्पा दर वेळी आझाद मैदानात बसल्याशिवाय मिळालेला नाही. २०२५ च्या जुलैत भर पावसात चिखलात आम्ही बसलो तेव्हा सगळ्या पक्षांचे नेते भेटून गेले. टप्पा मंजूर व्हायचा, निधीची तरतूद नाही म्हणून लटकायचा, असं चाललेलं.

माझ्या वर्गात पंचेचाळीस मुलं आहेत. त्यांना मी वीस टक्के शिकवत नाही. गणिताचा तास पूर्ण घेतो, पेपर पूर्ण तपासतो, जनगणना नि निवडणुकीचं कामही पूर्ण करतो. संध्याकाळी दोन क्लासमध्ये शिकवून घर चालतं. सोबतच्या एका शिक्षकाने लग्नच केलं नाही, आता चाळिशी उलटली.

शंभर टक्के अनुदानित शाळांचंही सगळं सुखाचं नाही. पगार शासन देतं, पण खडू, वीजबिल, दुरुस्ती यांसाठीचं वेतनेतर अनुदान २००४ पासून बरीच वर्षं बंदच होतं. पुढे सुरू झालं ते पगाराच्या पाच टक्के, तेही जुन्या वेतनश्रेणीवर मोजून. मुंबईत शाळेचं वीजबिल काय येतं ते कुठल्याही मुख्याध्यापकाला विचारा.

पाटीपेन्सिल

सर, तुमच्यापुढे हात जोडतो. आमच्या शिक्षिका आणि तुम्ही एकाच नावेत आहात.

पण काळाकोट यांना एक विचारायचं आहे. मुंबईतल्या मोठ्या नामांकित शाळा या २५ टक्क्यांच्या यादीत का दिसत नाहीत? भार आमच्यासारख्यांवरच का?

काळाकोट

त्यातल्या पुष्कळ अल्पसंख्याक संस्थांच्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना आरटीईतून पूर्ण वगळलं, अनुदानित असोत वा विनाअनुदानित. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात, प्रमतीबद्दल शंका व्यक्त करून तो मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे सोपवावा असं म्हटलं. त्या निकालाची चर्चा शिक्षकांच्या टीईटीमुळे (शिक्षक पात्रता परीक्षेमुळे) झाली, हा भाग मागे पडला. तिथे काही बदललं तर मुंबईचं चित्र सगळ्यात जास्त बदलेल.

आणखी एक तरतूद बघण्यासारखी आहे. कलम १२(२) लाच जोडून असं आहे की ज्या शाळेने सरकारकडून किंवा स्थानिक संस्थेकडून जमीन, इमारत वगैरे फुकट किंवा सवलतीत घेऊन त्या बदल्यात काही मुलांना मोफत शिकवायचं मान्य केलंय, तिला तेवढ्या मुलांपुरती प्रतिपूर्ती मिळणार नाही. मुंबईत जमिनीचा भाव बघता भाडेपट्ट्यावर नाममात्र दरात भूखंड मिळालेल्या शाळा कमी नसाव्यात. कुणाच्या करारात कुठली अट आहे, ते पालिका आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या कागदांत सापडेल. पाटीपेन्सिल यांच्यासारख्यांचे पैसे थकत असताना हे कागद कुणी उघडून बघतं का, हा माझाही प्रश्न आहे.

परळ_टीटी

हा भूखंडाचा मुद्दा मला पटला. मी २५ टक्क्यांच्या बाजूचा झालो असं समजू नका. पण खर्चाचा तक्ता बाहेर येऊ दे, या मागणीला माझा पाठिंबा. त्यात पालिकेच्या शाळेतल्या मुलामागे खरोखर वर्गात किती पोचतात आणि वरच्यावर किती जिरतात तेही दिसायला हवं. शिवाय राज्य सरकारकडून पालिकेला प्राथमिक शिक्षणाचं जे अनुदान येणं आहे त्याची थकबाकीही. पालिका दर वर्षी ते रडगाणं गाते आणि राज्य ऐकत नाही.

काळाकोट

मग असं करूया. याचिकेचं पुढे बघू, आधी माहिती अधिकारात अर्ज. पुण्याच्या प्राथमिक शिक्षण संचालनालयाकडे एक आणि पालिकेच्या शिक्षण विभागाकडे एक. दहा रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. संचालनालयाला विचारायचं: १७,६७० हा दर ठरवताना धरलेला आवर्ती खर्च, धरलेली पटसंख्या, कुठल्या वर्षाची, आणि टिपणीची प्रत. ८,००० चा दर कुठल्या हिशोबाने आला तेही, कारण त्या काळात शिक्षकांचे पगार निम्मे झाले नव्हते. पालिकेला विचारायचं: पहिली ते आठवीचा आवर्ती खर्च वेगळा काढून, माध्यमनिहाय पटासह. ‘का’ असं विचारू नका, ते माहितीत बसत नाही म्हणून परत येतं. कागद मागा.

उत्तर आलं नाही किंवा ‘उपलब्ध नाही’ असं आलं, तर ते उत्तरच याचिकेला जोडायचं. संसदेने सांगितलेला हिशोब सरकारकडे उपलब्धच नाही, हे सरकारच्या सहीने मिळणं यासारखं दुसरं काय हवं.

खडूफळा

दोन्ही अर्जांचा मसुदा या आठवड्यात इथेच टाकते. नववीची_आई, तुमच्या मुलासारखी आठवीनंतर बाहेर पडलेली किती मुलं आहेत, हेही संचालनालयाला विचारते. आरटीईतून लागलेली मुलं आठवीला किती होती आणि त्याच शाळेत नववीला किती राहिली, शाळानिहाय.

नववीची_आई

चालेल. आमच्या वस्तीत अशा आणखी तीन-चार आया आहेत, अर्जावर त्या पण सह्या करतील.

पाटीपेन्सिल

आमच्या शाळेचा जमाखर्च मी देतो, शाळेचं नाव झाकून. प्रतिपूर्ती किती मागितली, किती आणि कधी आली, सगळं. शिक्षिकांच्या पगाराचा आकडाही देतो, तो लपवून उपयोग नाही. कुठल्या वर्षापासून लागेल?

काळाकोट

२०१९-२० पासून द्या. ८,००० ची वर्षं त्यात आलीच पाहिजेत.